उत्तराची घाई नको

मुलाला गणित आवडतंय असं दिसलं की चहूबाजूंनी एकच सल्ला येतो, ‘क्लास लावा.’ आमची मुलगी तिसरीत असताना रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबरातल्या अंकांची बेरीज करत चालायची. सगळ्यांच्या सांगण्यावरून तिला जलद आकडेमोडीच्या क्लासला घातलं. शिकवणाऱ्या बाई प्रेमळ होत्या, पण प्रत्येक तक्ता स्टॉपवॉच लावून सोडवायचा आणि कुणाला किती सेकंद लागले ते फळ्यावर लिहायचं, अशी तिथली पद्धत होती.

काही महिन्यांत तिचा वेग वाढला. मात्र उत्तर सांगताना ती वहीऐवजी आमच्या तोंडाकडे बघू लागली. बरोबर की चूक हे मोठी माणसं ठरवतात, असं तिच्या मनानं घेतलं होतं. जरा वेगळं उदाहरण आलं की ‘हे आम्हाला शिकवलेलं नाही’ म्हणून पेन्सिल खाली ठेवायची. गाड्यांचे नंबर तर ती विसरूनच गेली. आम्ही क्लास थांबवला. गोडी परत यायला मात्र बराच काळ जावा लागला. त्या काळात जे उपयोगी पडलं, ते इतर पालकांसाठी सांगते.

घरात गणिताला घड्याळ लावू नका. उत्तर बरोबर असलं तरी ‘कसं काढलंस?’ असं विचारा. सात आठे छप्पन्न पाठ हवंच. पण सात चोक अठ्ठावीस, त्याची दुप्पट छप्पन्न, हे मुलाला स्वतःला सुचलं तर विसरलेला पाढा त्याला पुन्हा उभा करता येतो. चुकीच्या उत्तरालाही हाच प्रश्न विचारा. सांगता सांगता मूल बहुतेक वेळा स्वतःच अडखळतं आणि चूक पकडतं.

हाताशी असेल ते साहित्य वापरा. मूठभर चिंचोके घेऊन चौरस मांडायला सांगा. एकाच्या चौरसावरून दोन बाय दोनवर जायला तीन चिंचोके लागतात, पुढच्याला पाच, मग सात, मग नऊ. विषम संख्या ओळीनं मिळवत गेलं की वर्गसंख्या येतात, हे सूत्र मुलाला जमिनीवर दिसतं. आपण मात्र ते आधी सांगून टाकायचं नाही.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (1905–1986) यांचा खेळ तर घरोघरी खेळावा असा आहे. कुठलीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लिहून मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. 3524 घेतली तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087. पुढे 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. यानंतर कितीही वेळा केलं तरी 6174च येतं आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचता येतं. वजाबाकीचा कंटाळा करणारी आमची मुलगी या खेळात आपण होऊन पानं भरू लागली. सात पायऱ्यांत 6174 आलं नाही तर कुठेतरी हातचा चुकला असणार, म्हणून ती स्वतःच मागे जाऊन तपासायची. त्यासाठी आमच्या तोंडाकडे बघायची गरज उरली नाही. तीन अंकांना काय होतं, हा प्रश्नही तिनंच काढला आणि 495 शोधून काढला.

आणखी दोन गोष्टी. ‘आमच्या घरात कुणालाच गणित जमत नाही’ हे वाक्य मुलांसमोर बोलू नका. न जमण्याची परवानगी त्यातूनच मिळते. आणि एखादं कोडं सुटलं नाही तर ते तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, पुन्हा काढा. अडकून राहणं हा गणिताचाच भाग आहे आणि त्याची सवय घरच्याइतकी निर्धास्तपणे दुसरीकडे क्वचितच लागते. क्लास लावायचाच असेल तर आधी एकदा तिथे बसून बघा. मुलांना तिथे विचार करायला वेळ मिळत असेल, तरच पुढे जा.