गावठी अंड्याचा हिशेब
(एस. वाय. बी. ए.)

अर्थशास्त्राच्या तासाला ‘उत्पादक’, ‘मध्यस्थ’ आणि ‘उपभोक्ता’ हे शब्द मी प्रथम ऐकले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. पण या तीन शब्दांमागची माणसे मी लहानपणापासून पाहत आले आहे. उत्पादक म्हणजे माझी आई. मध्यस्थ म्हणजे डालगे घेऊन आमच्या वाडीवर येणारा व्यापारी. आणि उपभोक्ता म्हणजे महाड-पोलादपूरला ‘गावठी’ या शब्दासाठी जादा पैसे मोजणारा मनुष्य. या मनुष्याने थेट आईकडूनच खरेदी केली तर काय होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम गावठी कोंबडीचा हिशेब पाहू. ती बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. अंड्यांवर बसवली तर एकवीस दिवसांनी पिले निघतात. पुढे काही आठवडे ती पिलांमागे असते. त्यामुळे वर्षाला तिची अंडी साधारण ५० ते ६०. पोल्ट्रीतील कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, आणि मांसाची ब्रॉयलर सहा आठवड्यांत विक्रीस तयार होते. गावठी कोंबड्याला त्यासाठी पाच-सहा महिने लागतात. शिवाय घार आणि मुंगूस आपला वाटा नेतात तो वेगळाच!

आता भावाकडे वळू. एके काळी पोल्ट्रीवाल्यांनाही व्यापारी सांगतील तो भाव घ्यावा लागे. कित्येकदा खाद्याचा खर्चही निघत नसे. १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि आपल्या अंड्याचा भाव आपण ठरवायचा, हे सूत्र उत्पादकांनी स्वीकारले. आज तिचे भाव रोज जाहीर होतात. परंतु पाच कोंबड्या पाळणाऱ्या बाईसाठी अशी समिती नाही. मृगाच्या तोंडावर बी-बियाणे आणि वह्यापुस्तके यांचा खर्च एकदम येतो. व्यापाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. ‘द्यायची तर द्या, नाहीतर मी निघालो,’ एवढे म्हटले की कोंबडी त्याच्या डालग्यात जाते.

हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. भाताचे पैसे घरात येतात ते वडिलांच्या हाती. अंड्यांचे पैसे मात्र आईचे. त्यासाठी तिला कोणाला विचारावे लागत नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीचा काही भाग याच पैशांतून भरला गेला. म्हणून एका अंड्यामागे मधे किती पैसे गळतात, हा माझ्या दृष्टीने केवळ परीक्षेतला प्रश्न नव्हे.

तथापि थेट खरेदी करणाऱ्यानेही काही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. कवचाचा तपकिरी रंग हा गावठीपणाचा पुरावा नव्हे. तो जातीवर अवलंबून असतो, आणि बलकाचा रंग खाद्यावर. वजनास वजन धरले तर दोन्ही अंड्यांतील प्रथिने जवळजवळ सारखीच. गावठी अंडे औषध म्हणून नव्हे, तर चवीसाठी आणि ते कोणी, कसे पिकवले हे पाहता येते म्हणून घ्यावे. दुसरे असे की, रोज दोन अंडी खाणाऱ्या घराला वर्षाला ७३० अंडी लागतात. पाच कोंबड्यांची अंडी २५० ते ३००, आणि त्यांतली काही उबवणीस ठेवावीच लागतात. म्हणजे अशा एका घराला आमच्या वाडीतली तीन घरे लागतील. ‘आजच्या आज चार डझन द्या’ असा हट्ट धरला, तर कोणीतरी पोल्ट्रीचीच अंडी गावठी म्हणून गळ्यात मारणार.

बकऱ्याच्या बाबतीत आपल्याकडे चांगली जुनी रीत आहे. चार-पाच घरांनी मिळून बकरे घ्यायचे आणि मटणाचे वाटे घालायचे. यात मालकाचे नुकसान होते ते उभ्या बकऱ्याचा भाव नजरेच्या अंदाजाने ठरतो म्हणून. काट्यावर वजन केले की दोघांनाही न्याय मिळतो. जिवंत वजनाच्या सुमारे निम्मे मटण पडते. २० किलोच्या बकऱ्याचे ९ ते १० किलो, हे घेणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे.

रोगाचा विषय टाळून चालणार नाही. राणीखेत आला की वाडीची वाडी रिकामी होते. त्यावर लस आहे. पण एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची मात्रा असते, ती थंड ठेवावी लागते आणि कालवल्यावर थोड्याच वेळात संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? सगळ्या वाडीने एकाच दिवशी लस द्यावी, हाच उपाय. बर्ड फ्लू देशात प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. जानेवारी २०२१ मध्ये तो परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी आढळला. गावठी कोंबडीलाही तो होऊ शकतो. तेव्हा पिसे फुगवून मान टाकलेली कोंबडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, आणि मांस व अंडी नीट शिजवूनच खावीत.

शेवटी एक सूचना. आपल्यापैकी कितीतरी जण रोज वाडी-वस्तीवरून एस. टी. ने येतात, आणि प्राध्यापक व शहरातील विद्यार्थी यांची घरे बाजारपेठेच्या आसपास आहेत. पाच-सहा घरांनी मिळून एका वाडीशी वर्षाचा भाव ठरवावा. आठवड्याला मिळतील तेवढी अंडी घ्यावीत. कमी आली तर कुरकुर करू नये, आणि श्रावणातही घेणे शक्य असेल त्यांनी खंड पाडू नये. असे बांधलेले गिऱ्हाईक असेल तर वाडीतल्या बायका लसीसाठी एकत्र येतील. आणि मुख्य म्हणजे, व्यापारी दारात आला तर ‘या भावाला द्यायची नाही’ असे त्याला सांगण्याची ताकद त्यांच्या अंगी येईल.