कीबोर्डचे वादन संगणकावर कसे नोंदवावे?

छोट्या स्टुडिओसाठी वाजविणाऱ्या वादक बंधूंनी १९८३ साली आलेली ‘मिडी’ पद्धत समजून घ्यावी. हिच्यात आवाज नव्हे, तर कोणता सूर, केव्हा, किती जोराने (० ते १२७) वाजला एवढेच नोंदले जाते.

कीबोर्ड यूएसबी वायरने जोडून सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये निवडावा. नवा इन्स्ट्रुमेंट ट्रॅक घेऊन त्यावर वाद्य बसवावे. लय ठरवून मेट्रोनोम लावावा, ट्रॅक रेकॉर्डसाठी सज्ज करून वाजवावे. आवाज उशिरा उमटत असल्यास बफर कमी करावा.

गिऱ्हाइकाने पट्टी बदलून मागितली किंवा सूर चुकला, तरी सारे पुन्हा वाजवावे लागत नाही. तेवढा सूर माऊसने सरकवावा. गिऱ्हाइकाला वेव्ह फाइल द्यावी, पण मूळ मिडी स्वतःजवळ जपावी. पुढच्या दुरुस्तीची मजुरी तिच्यातूनच मिळते.