पहिलं पोतं चढवण्याआधी : गोदामाचा हिशेब संगणकात



गोदामाची वही आता संगणकात न्यायची, असं बैठकीत ठरतं. मग सगळ्या जणी संगणक येणाऱ्या एका ताईकडे बघतात आणि काम तिच्या गळ्यात पडतं. पण हे काम तिच्या एकटीचं नाही. थप्पी कोण लावतं, काट्यावर कोण उभं राहतं, मिरची कोण वेचतं, त्यांच्याशिवाय ते होतच नाही.

खरेदी, साठा, विक्री आणि पैशाचा हिशेब एकमेकांना जोडून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात. गावच्या विकास सोसायट्याही याच वाटेवर आहेत. केंद्र सरकारने जून 2022 मध्ये देशातल्या 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्था एका सामाईक ईआरपीवर आणायला मंजुरी दिली. आजच्या धड्यासाठी मी मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं ईआरपीनेक्स्ट घेतलंय. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. सर्व्हरचे आणि बसवून देणाऱ्याचे मात्र पडतात, ते आधीच विचारून घ्या.

यात काही गोष्टी अशा आहेत, की पहिली नोंद झाली की त्या सहज बदलता येत नाहीत. मालाचं मूळ माप आणि लॉट ठेवायचा की नाही, या त्यातल्या दोन. म्हणून पहिलं पोतं चढवण्याआधी दोन बैठका गेल्या तरी चालतील.

आधी माप. आपण बोलताना 'दोनशे पोती मका' म्हणतो, पण विकतो किलोवर. मूळ माप पोतं ठेवलं तर काय होतं बघा. समजा 100 क्विंटल मका आला, ओलावा 18 टक्के. वाळून तो 14 टक्क्यांवर आला. दाण्यातला कोरडा भाग 82 क्विंटल, तो काही कुठे जात नाही, उडतं ते पाणी. 82 ला 0.86 ने भागा, 95.35 क्विंटल येतात. म्हणजे 465 किलो वजन हवेत गेलं. पोती मोजाल तर दोनशेच्या दोनशे आहेत! विक्रीच्या दिवशी काट्यावर मात्र नऊ पोत्यांहून जास्त तूट दिसते, आणि सगळ्यांच्या नजरा गोदाम सांभाळणाऱ्या ताईकडे वळतात. अशी एक बैठक मी पाहिली आहे. त्या ताईने दुसऱ्या दिवशी चावी आणून टेबलावर ठेवली. पुढे हिशेब जुळला, पण चावी घ्यायला ती परत आली नाही.

म्हणून मूळ माप किलोच ठेवा. पोतं हे जोडमाप, एक पोतं बरोबर 50 किलो असं लिहून ठेवता येतं. पण आवक लिहिताना 50 ने गुणू नका, काट्याचं वजन घाला आणि त्यातून बारदानाचं वजन वजा करा. ज्यूटचं रिकामं पोतं अर्ध्या किलोहून जास्त भरतं. दोनशे पोत्यांना ते क्विंटलाच्या वर जातं. आवकेच्या वेळचा ओलावाही लॉटबरोबर लिहा. घट सॉफ्टवेअर आपोआप धरत नाही. आपण मोजायची, 'ओलाव्याची घट' असं कारण देऊन नोंदवायची आणि त्याखाली दोघींच्या सह्या घ्यायच्या. वरच्या गणितापेक्षा तूट जास्त निघाली तरच चौकशी.

आता लॉट. आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेत कोणी नुसता 'एक घोडा' विकत घेत नाही. रंग, भोवरे, दात, चाल बघतात, एकेक जनावर वेगळं. संगणकात अशा मालाला एकेक क्रमांक देता येतो, तसा तो आपण वजनकाट्याला किंवा शिलाई मशीनला देऊ. मिठाला काही लागत नाही, नाव पुरे. मका, हरभरा, मिरची या दोन्हींच्या मधल्या. त्यांना लॉट द्यायचा, म्हणजे कुठल्या गावचा, कुठल्या गटाचा, कुठल्या तारखेचा माल. लॉट नसेल तर एका गटाच्या भिजलेल्या मालाचा भाव सगळ्यांच्या गळ्यात पडतो. लॉट असेल तर आधी आलेला माल आधी बाहेर काढता येतो, आणि कीड लागली तर कुठल्या थप्पीतून पसरली तेही कळतं.

मिरचीचं जरा वेगळं आहे. ओली लाल मिरची आणि सुकी मिरची हे संगणकात दोन वेगळे माल करा. पथारीवर 100 किलो ओली टाकली की साधारण 25 ते 30 किलो सुकी हाती येते. ही घट नव्हे, हे रूपांतर. त्यासाठी ईआरपीनेक्स्टमध्ये 'रिपॅक' नावाची नोंद आहे: इकडून ओली कमी, तिकडून सुकी जमा. फटकी मिरची तिसरा माल, तिचा भाव वेगळा. देठ काढायची मजुरीही याच नोंदीत चढवता येते, म्हणजे सुक्या मिरचीचा खरा भाव निघतो. आपण मजुरी धरायला हमखास विसरतो, घरच्याच बायका बसतात ना!

जागांची नावं झाडासारखी लावायची असतात. वर 'सारंगखेडा गोदाम', त्याखाली आवक, थप्पी 1, थप्पी 2, पथारी, नाकारलेला माल. वरच्या नावावर साठा चढत नाही, खालच्याच जागांवर चढतो. नावं भिंतीवर रंगाने लिहा, नाहीतर संगणकातली थप्पी 2 आणि हमालाची थप्पी 2 वेगळ्या निघतील. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घेतलं असेल, तर त्यासाठी वेगळी जागा करा. तो माल आपला आहे, पण विकायला मोकळा नाही.

'साठा शून्याखाली जाऊ द्यायचा का' अशी एक खूण सेटिंगमध्ये आहे. ती बंद ठेवा. रात्री ट्रक दारात उभा असतो, आवक लिहायची राहून गेलेली असते, आणि कोणीतरी म्हणतं, एवढ्यापुरती चालू करा. एकदा चालू झाली की साठा उणे पंधरा क्विंटल दिसायला लागतो. उणे पोतं कोणी पाहिलंय का?

पासवर्ड प्रत्येकीचा वेगळा हवा. नोंद करणारी एक, मंजूर करणारी दुसरी. मंजूर झालेली नोंद पुसता येत नाही, रद्द करावी लागते आणि ती रद्द केल्याचं दिसत राहतं. हे गैरसोयीचं वाटेल, पण चावीवाल्या ताईला हीच गोष्ट वाचवते.

सुरुवातीचा साठा एकाच दिवशी मोजायचा. त्या दिवशी आवक-जावक बंद. पुढचे दोन महिने वहीही चालू ठेवा आणि दर शनिवारी दोन्ही ताडून बघा.

पुढच्या प्रभाग बैठकीला येताना मागच्या हंगामाची आवक-जावक वही, प्रत्येक प्रकारचं एक रिकामं बारदान आणि गोदामाचा हाताने काढलेला नकाशा घेऊन या. काटा आपण तिथेच लावणार आहोत.