कवटीवाला पतंग शोधायचा तर

लेकरा, पाठीवर कवटीची खूण असलेला तो पतंग बीडजवळच्या पाली गावच्या शिवारात बघायचा असेल, तर आधी तिळाचं रान गाठ. पतंग रात्रीचा, उडायला जोरकस, उजेडावर आला तरी टिकेलच असं नाही. त्याची अळी मात्र दिवसचे दिवस एकाच झाडावर खात बसते. म्हणून अळी शोध.

सोयाबीन-कपाशीपुढं तीळ मागं पडला. तरी बाजरीच्या, तुरीच्या कडेनं घरापुरते चार तास कुणीतरी पेरतंच. श्रावण-भाद्रपदात तिथं जा. पानं चाळत बसू नको, खाली मातीत बघ. मिऱ्याहून मोठ्या काळपट लेंड्या पडलेल्या दिसल्या की तिथंच बस आणि नजर हळूहळू वर ने. शेंडा बोडका झालेला असेल. अळी बोटाहून लांब, हिरवी, पिवळी नाहीतर तपकिरी, अंगावर तिरके पट्टे. शेपटीवरचं वाकडं, खरबरीत शिंग बघून बिचकू नको, ते टोचत नाही. तीळ नसला तर वांगी आणि वालाचे वेल बघ. सगळ्यात आधी खुरपणाऱ्या बायांना विचार. त्यांची नजर रोज झाडाच्या बुडाशी असते, तुझ्यामाझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. वाढ पुरी झाली की अळी मातीत उतरून कोष करते. तो उकरायला जाऊ नको.

मोहोळ काढणाऱ्यांशीही बोल. हा पतंग मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो. सोंड आखूड नि दणकट, झाकलेलं घरही फोडते. हात लावला तर चक्क चीं चीं ओरडतो, तोंडातून हवा आतबाहेर करून.

दिव्यावर बोलवायचा तर अमावस्येच्या मागंपुढं, ढगाळ, उबदार, वारा पडलेली रात्र धर. बिंदुसरा नदीच्या पाण्याकडं किंवा बालाघाटाच्या उतारावर पांढरी चादर ताण. साधा एलईडी उपयोगाचा नाही. पाऱ्याचा दिवा लाव, त्याच्या अतिनील किरणांवर पतंग येतात. मध्यरात्रीनंतरही जागा राहा. पायात बूट हवेतच, आपल्याकडं फुरसं आहे. पहाटे मांजरसुंब्याकडच्या ढाब्यांच्या भिंतीही बघून घे, रात्रीचे पतंग तिथं चिकटून राहतात.

सापडला तर मागचे पंख नीट बघ. पिवळ्यावर दोन काळे पट्टे असतील तर तो अकेरॉन्शिया स्टिक्स. वेस्टवूडनं 1847 मध्ये नोंदवलेला हाच. मागचे पंख बुडाशी काळेभोर असले तर त्याचा थोरला भाऊबंद, अकेरॉन्शिया लॅकेसिस. फोटो, तारीख, झाड, गाव, सगळं लिहून ठेव. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंगांच्या नोंदी होतात, 2012 पासून. आपल्या शिवाराची नोंद त्यात गेली पाहिजे.

आणि एवढं ऐकच. कवटी बघून लोक अपशकुन म्हणतात, चप्पल उचलतात. तो चावत नाही, डंख करत नाही. घरात शिरला तर दिवा मालव, दार उघड आणि त्याला जाऊ दे.