सन्मानाने मरण : कायद्यामागील माणसे

असाध्य रुग्णाचा अखेरचा श्वास लांबवीत राहणे हा उपकार की छळ? या प्रश्नाच्या विचारार्थ मिनू मसानी यांनी १९८१ साली मुंबईत एक संस्था स्थापिली. परंतु तो घरोघर पोचला अरुणा शानभाग यांच्यामुळे.

अरुणाताई मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होत्या. १९७३ साली झालेल्या हल्ल्यात मेंदूस इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. त्यांचे अन्न थांबवून त्यांना शांतपणे मरू द्यावे, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केला. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी त्यास निकराने विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. मात्र योग्य प्रसंगी, उच्च न्यायालयाच्या अनुमतीने, उपचार थांबविता येतील असे ठरविले. अरुणाताई १८ मे २०१५ रोजी निवर्तल्या.

पुढे ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. शुद्धीत असताना लिहिलेले इच्छापत्रही ग्राह्य झाले. २०२३ साली त्याची रीत सुलभ झाली : दोन साक्षीदार व नोटरी पुरेत. औषध देऊन मृत्यू घडविणे मात्र आपल्याकडे गुन्हाच आहे. नेदरलँड्समध्ये २००२ पासून त्यास कायद्याची मुभा आहे.

विराणी आणि परिचारिका, दोघींचीही प्रेरणा करुणाच होती, असे आम्ही मानतो. पण अरुणाताईंचा स्वतःचा शब्द कोणाजवळच नव्हता. म्हणून आम्हां इंदूरकरांच्या घरीही वडीलधाऱ्यांची इच्छा वेळीच, आदराने विचारून ठेवावी.