मागून घेतलेले दान

गोंदिया जिल्हा हा धानाचा व तलावांचा प्रदेश. उन्हाळा लागला की येथील रानांत तेंदूच्या पानांची तोडणी सुरू होते. पहाटेच माणसे रानात जातात, पाने तोडतात आणि त्यांचे पुडे बांधतात. तेंदूचे पान अनेक घरांची चूल पेटती ठेवते. पण त्यात तंबाखू भरून विडी वळली, की तीच अनेक घरांत दुखणे आणते. गावोगावी चघळला जाणारा खर्राही तिचाच भाऊबंद होय.

तंबाखू व तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाचा आपल्या देशात ज्यांनी कसून अभ्यास केला, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रगण्य होते. मुंबईस परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथे ते रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. ऊती म्हणजे एकच कार्य करणाऱ्या पेशींचा समूह. पुढे १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले व डॉ. खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्या केंद्रात, शरीराबाहेर पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली.

कमलताईंनी अमेरिकेत डॉ. जॉर्ज गे यांच्याजवळ राहून काम केले होते. या गे यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी वाढविण्यात आल्या. ती त्याच वर्षी वारली. तिच्या पेशी मात्र आजही वाढत आहेत. पोलिओच्या लशीची पारख करण्यास त्या उपयोगी पडल्या. जगाचे कल्याण झाले, पण त्या माउलीला कोणी विचारले नव्हते! तिच्या घरच्यांनाही वीस वर्षांहून अधिक काळ याचा पत्ता नव्हता.

दधीची ऋषींच्या अस्थी हव्या होत्या, तेव्हा प्रत्यक्ष देवांनाही त्या मागाव्या लागल्या. न मागता घेतलेल्या वस्तूस दान म्हणत नाहीत. म्हणूनच आज याविषयी नियम आहेत. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ प्रथम रोगनिदानासाठी तपासतात. उरलेला अंश संशोधनासाठी ठेवावयाचा, तर रुग्णास त्याच्या भाषेत सर्व समजावून सांगून त्याची लेखी संमती घ्यावी लागते. त्याने नकार दिला, तरी उपचारांत तिळभरही उणे पडता कामा नये. दिलेली संमती त्यास परतही घेता येते. नमुन्यावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घालतात आणि तो उणे ८० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही थंड जागी जपून ठेवतात.

या दानाचे फळ दात्यास बहुधा मिळत नाही. ते मिळते पुढे येणाऱ्या अनोळखी रुग्णास. मुलांनो, नवेगाव बांधचा तलाव पाहा. कोहळी समाजातील ज्या पूर्वजांनी अशा तलावांचे बांध घातले, त्यांना आज त्या पाण्यावर डोलणारे धान कोठे दिसणार होते? तरीही त्यांनी माती वाहिलीच.

स्वाध्याय
१. हेन्रिएटा लॅक्स हिच्यावर कोणता अन्याय झाला?
२. ‘न मागता घेतलेल्या वस्तूस दान म्हणत नाहीत’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
३. आपल्या परिसरातील जुन्या तलावाची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.