दोन दुरुस्त्या

[मोडलेली वस्तू दुरुस्त करायला पैसा लागतो, हत्यारे लागतात, पण त्याहून अधिक धीर लागतो. प्रस्तुत पाठाचे लेखक मालेगावच्या एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहितात. एका अपघातात त्यांचा पाय मोडला आणि वडिलांची मोटारसायकलही मोडली. या दोन्ही गोष्टी पुन्हा उभ्या राहताना ते काय शिकले, हे त्यांनी येथे सांगितले आहे.]

आमच्या घरी १९८४ सालची एक बुलेट आहे. ती अब्बांनी घेतलेली. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतर ही गाडी आपल्या देशात तयार होऊ लागली. एकच सिलिंडर, ३४६ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि लांबूनच ऐकू येणारा धडधडाट, ही जुन्या बुलेटची ओळख.

१९८८ साली अब्बा एका मित्राबरोबर याच गाडीवरून कन्याकुमारीपर्यंत जाऊन आले होते. मागे लोखंडी कॅरियर, दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या आणि त्या पिशव्यांत कपड्यांपेक्षा पाने, प्लग आणि क्लचच्या तारा जास्त! त्या प्रवासाच्या गोष्टी ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. पुढे अब्बांचे वय झाले आणि किल्ली माझ्या हाती आली. ती देताना ते एवढेच म्हणाले, "बेटा, गाडी बोलते. तिचं ऐकत जा."

मी ऐकले नाही.

२०१६ चा डिसेंबर महिना होता. गाडीची साखळी सैल झाली होती. चालताना ती कव्हरवर घासून खडखड करी. "पुढच्या रविवारी बघू," असे म्हणत मी तीन रविवार घालवले. चौथ्या आठवड्यात नाशिकहून मालेगावला परत येताना राहुड घाटात ती साखळी तुटली आणि मागच्या चाकात अडकली. चाक जागीच थांबले. गाडी आडवी झाली. माझा उजवा पाय तिच्याखाली सापडला. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. नडगीचे हाड मात्र मोडले.

नाशिकच्या रुग्णालयात माझ्यावर शस्त्रक्रिया झाली. नडगीचे हाड आतून नळीसारखे पोकळ असते. डॉक्टरांनी त्या पोकळीत धातूची लांब सळई घातली आणि वर-खाली स्क्रूने पक्की केली. गेऱ्हार्ट क्युंट्शर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९३९ साली मांडीचे मोडलेले हाड अशाच सळईने जोडले होते. पुढे ही पद्धत जगभर पसरली. तिच्यामुळे रुग्णाला महिनोन्महिने प्लास्टरमध्ये पडून राहावे लागत नाही. तरीही डॉक्टरांनी मला बजावले, "सहा आठवडे या पायावर भार द्यायचा नाही. सळई हाडाला आधार देते. हाड जोडायचं काम शरीरच करतं."

मी घरी आलो. माझ्यामागून टेम्पोत घालून बुलेटही आली. तिचे हँडल वाकले होते, मागच्या चाकाच्या बऱ्याच तारा तुटल्या होत्या आणि इंजिनातून तेल गळत होते. ओसरीवर एका बाजूला माझी खाट आणि दुसऱ्या बाजूला ती.

आठ दिवसांनी एक भंगारवाला आला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "वजनावर घेतो." मी अब्बांकडे पाहिले. ते रागावतील असे मला वाटले होते. पण ते रागावले नाहीत, हेच मला जास्त लागले. "गाडी आता तुझी आहे," ते म्हणाले, "तू ठरव."

"विकायची नाही," मी म्हणालो. त्या वेळी मला उभेही राहता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातले बुलेटचे जुने कारागीर घरी आले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी गाडी तपासली आणि माझा पायही पाहिला. मग म्हणाले, "इंजिन उतरवून मी टेबलावर ठेवून देतो. खुर्चीत बसून जे होईल ते तू कर. जे होणार नाही ते मी करीन. पण एक अट आहे. प्रत्येक नट कुठून निघाला, ते लिहून ठेवायचं."

लिहिण्याचे काम माझ्या पुतणीने घेतले. ती तेव्हा नववीत होती. तिने एका वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात 'गाडी' आणि तिसऱ्यात 'पाय'. मी विचारले, "पाय कशाला?" ती म्हणाली, "चाचा, दुरुस्ती दोघांची चालली आहे ना!" शिलाईच्या फितीने तिने माझ्या दोन्ही मांड्या मोजल्या. न वापरल्यामुळे उजवी मांडी तीन सेंटिमीटरने बारीक झाली होती. तिसऱ्या रकान्यातली ही पहिली नोंद.

कामाला सुरुवात झाली. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांवर कागद चिकटवून आम्ही एकेका डब्यात एकेका भागाचे नट ठेवू लागलो. सकाळी व्यायाम, दुपारी इंजिन. व्यायाम शिकवायला दर शनिवारी एक फिजिओथेरपिस्ट ताई येत. पाऊल घोट्यातून वर-खाली करायचे, मांडीचा स्नायू आवळून दहा आकडे मोजायचे, गुडघा न वाकवता पाय उचलायचा. पहिल्या दिवशी पाय वीतभरही उचलेना. घामाने माझा सदरा भिजला.

तीन आठवड्यांनंतर मला बरे वाटू लागले आणि तिथेच मी चुकलो. सायलेन्सरचा एक गंजलेला बोल्ट निघत नव्हता. उस्तादांनी सांगितले होते, "त्यावर केरोसीन सोड आणि रात्रभर ठेव." मला रात्रभर थांबवेना. मी पान्यावर सगळा जोर लावला. बोल्टचे डोके तुटून हातात आले आणि बाकीचा बोल्ट आतच राहिला. रागाच्या भरात मी वॉकर न घेता उठलो आणि उजवा पाय जमिनीवर टेकला. अशी कळ आली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुतणीने मला धरले म्हणून पडलो नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला डॉक्टरांकडे नेववले. फोटो काढला. नशिबाने सळई जागेवर होती. शनिवारी ताई आल्या. पुतणीने वही त्यांच्यापुढे धरली. 'गाडी' या रकान्यात लिहिले होते, 'घाई केली. बोल्ट तुटला.' आणि 'पाय' या रकान्यात, 'घाई केली. देवाने वाचवले.'

ताई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिलीने मोडलेल्या हाडाचे चित्र काढले. "हाड मोडलं, की आधी तिथं रक्त साकळतं," त्या म्हणाल्या. "मग दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ कूर्चा तयार होते. मग त्या कूर्चेचं हळूहळू कठीण हाड बनतं. त्याला काही महिने लागतात. त्यानंतरही शरीर त्या हाडाला घासूनपुसून आकार देत राहतं. यातला एकही टप्पा गाळता येत नाही, भाऊ. आत्ता तुमच्या पायात जे आहे, ते अजून हाड नाही."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती मला विशेष वाटली. "मात्र कायम जपून ठेवलेलं हाडही मजबूत होत नाही. योग्य वेळ आली, की त्याच्यावर थोडा थोडा भार द्यावाच लागतो. भार सोसूनच हाड भक्कम होतं."

तुटलेला बोल्ट काढायला उस्तादांना दोन दिवस लागले. ते मला काहीच बोलले नाहीत. माझ्यापुढे त्यांनी इंजिनाचे दोन व्हॉल्व्ह ठेवले आणि म्हणाले, "हे घास. बसून करायचं काम आहे. घाईने होत नाही."

व्हॉल्व्हच्या कडेला खरखरीत लेप लावायचा, तो त्याच्या बैठकीत बसवायचा आणि दोन्ही तळहातांमध्ये काडी धरून रवीसारखा उलटसुलट फिरवायचा. बैठक पक्की झाली की नाही, हे कसे ओळखायचे? वरून थोडे केरोसीन ओतायचे. एक थेंबही झिरपला, तर पुन्हा घासायचे. माझे केरोसीन चार वेळा झिरपले. पाचव्या वेळी झिरपले नाही. पुतणीने वहीत तारीख घातली आणि तिच्याभोवती गोल काढला.

सहा आठवडे पूर्ण झाले. नव्या फोटोत मोडलेल्या जागेभोवती ढगासारखी पांढरी सावली दिसत होती. "हे नवं हाड," डॉक्टर म्हणाले. वॉकर धरून पायावर थोडा भार देण्याची परवानगी मिळाली. त्याच आठवड्यात सिलिंडर बोअर होऊन आला आणि नवा पिस्टन बसला. सिलिंडरच्या हेडचे नट आवळताना उस्तादांनी माझा हात धरला. "एकच नट पुरा आवळायचा नाही. समोरासमोरचे घे. सगळे थोडे थोडे आवळ. मग पुन्हा पहिल्यापासून. नाहीतर हेड वाकडं बसेल." मला ताईंचे शब्द आठवले, 'थोडा थोडा भार.'

मार्च महिन्यात गाडी उभी राहिली. नवी साखळी, नव्या तारांचे चाक, सरळ केलेले हँडल. आता किक मारायची होती. जुन्या बुलेटची किक उजव्या बाजूला असते आणि ती जोराने मारावी लागते. इंजिनातली ठिणगी वेळेआधी पडली, तर किक उलटी फिरून पायावर आदळते. तीन महिने मी याच क्षणाची वाट पाहिली होती. काठी टेकत मी गाडीजवळ गेलो. अब्बा, उस्ताद, पुतणी सगळे गप्प होते. कोणीही मला अडवले नाही.

मी गाडीच्या टाकीवर हात ठेवला. मग बाजूला झालो. "उस्ताद, तुम्ही मारा," मी म्हणालो, "माझी वेळ अजून आली नाही."

तिसऱ्या किकला इंजिन सुरू झाले. तो ओळखीचा धडधडाट ओसरीभर घुमला. अब्बांनी डोळे मिटून बराच वेळ तो ऐकला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तू ऐकायला लागलास."

जूनच्या अखेरीस डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली. एका रविवारी पहाटे मी स्वतः किक मारली आणि महामार्गाला लागलो. नवा पिस्टन बसवला, की सुरुवातीला गाडी सावकाश चालवावी लागते. म्हणून मी ताशी चाळीसच्या वर गेलो नाही. ट्रक, बस, एवढेच काय, स्कूटरही मला मागे टाकून गेल्या. मला त्याचे काही वाटले नाही.

राहुड घाटात त्याच वळणाच्या अलीकडे, मोकळ्या जागी मी गाडी बाजूला घेतली. पाय थोडा दुखत होता. खाली बसून मी साखळीला बोट लावून पाहिले. ती ना जास्त ताठ होती, ना जास्त सैल. मग मी गाडी वळवली आणि सावकाश घरी आलो. वहीत एक शेवटची नोंद करायची राहिली होती.

शब्दार्थ

यंत्रमाग – विजेवर चालणारा माग; सैल – ढिला; नडगी – गुडघा व घोटा यांच्यामधला पायाचा पुढचा भाग; सळई – धातूची लांब कांब; ओसरी – घराचा पुढचा उघडा भाग; रकाना – वहीतील उभा भाग; साकळणे – गोठणे; कूर्चा – हाडापेक्षा मऊ व लवचीक असा शरीराचा भाग; झिरपणे – थेंब थेंब पाझरणे; रवी – ताक घुसळण्याचे साधन; नेववणे – दुसऱ्याकडून नेण्याची व्यवस्था करणे.

वाक्प्रचार : डोळ्यांपुढे काजवे चमकणे – तीव्र वेदना होणे, लहानाचा मोठा होणे – वाढणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) किल्ली देताना अब्बा काय म्हणाले?
(आ) उस्तादांनी कोणती अट घातली?
(इ) व्हॉल्व्हची बैठक पक्की झाली, हे कसे ओळखतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अपघात कशामुळे झाला? तो टाळता आला असता का?
(आ) मोडलेले हाड कोणकोणत्या टप्प्यांनी जोडले जाते?
(इ) लेखकाने स्वतः किक का मारली नाही?

३. 'आता तू ऐकायला लागलास,' या अब्बांच्या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. हिशेब, मजबूत, तारीख, परवानगी, कारागीर हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. उपक्रम : तुमच्या घराजवळील एखाद्या कारागिराला भेटा. तो एखादी वस्तू कोणत्या क्रमाने दुरुस्त करतो, ते दहा वाक्यांत लिहा.